भात ज्युलीचा, हात कॅरलचा

बोळिंजच्या त्या संकुलात चौथ्या मजल्यावर राहणारी मिरेल दोन वर्षांची होती, आणि तिनं तोंड मिटलं की मिटलं. वसईच्या किल्ल्याचा दरवाजा हत्ती लावून तरी उघडला असता. मिरेलचं तोंड नाही. तिच्या आईनं, ज्युलीनं, होते नव्हते ते सगळे हत्ती लावून पाहिले होते.

भात मऊ केला, भात मोकळा केला. डाळ घातली, डाळ काढली. गच्चीवर नेऊन कावळे दाखवले. त्या कावळ्यांनी मिरेलच्या वाटणीचा इतका भात खाल्ला की त्यातले दोघे उडायचेच बंद झाले आणि जिन्यानं चालत ये-जा करू लागले. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा. मिरेलचा बाप आग्नेल वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर, शंभर माणसं हाताखाली. तो घरी येऊन मुलीसाठी चार पायांवर भुंकला. इतका हुबेहूब भुंकला की खालच्या कुत्र्यांनी माना वर करून उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला तेव्हा ती सगळी अदबीनं बाजूला सरली. मिरेलनं टाळ्या वाजवल्या. तोंड उघडलं नाही.

निर्मळहून ज्युलीच्या आईनं वेलची केळी पाठवली. ती आग्नेलनं संपवली. चर्चमध्ये फादरांनी मिरेलच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पोरीनं 'आमेन'सुद्धा ओठ मिटूनच म्हटलं. डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, "अगदी छान आहे. भूक लागली की खाईल."

"कधी लागेल?" ज्युलीनं विचारलं.

"ते तिला विचारा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पोराला आत बोलावलं.

ज्युलीचं मागणं काही मोठं नव्हतं. पोरीनं एकदा, एकदाच, तिच्या हातून पोटभर जेवावं. आईच्या हातचं म्हणजे अमृत असं जग म्हणतं. मिरेलला ते कोणी कळवलेलं नव्हतं, एवढंच.

मग एके दुपारी गॅसचा सिलिंडर आला, आणि लिफ्ट बंद म्हणून सिलिंडरवाला खालूनच ओरडायला लागला. ज्युलीनं मिरेलला आणि तिच्या वाटीला समोरच्या कॅरलच्या दारात ठेवलं आणि खाली धावली. हुज्जत घालून वर आली तर वाटी चाटूनपुसून साफ. कॅरल फोनवर आपल्या आईशी पापलेटच्या भावाबद्दल बोलत होती, आणि मिरेल तिच्या मांडीला टेकून ढेकर देत होती.

"तू खाल्लास ना भात?" ज्युली म्हणाली.

"मी कशाला खाऊ? माझा जेन्सन सकाळपासून एक घास घेत नाहीये, माझ्या घशाखाली काय उतरणार!" कॅरल म्हणाली. "तुझी पोर तर अजून मागतेय."

मिरेलनं ज्युलीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

तर असा तो शोध लागला. कॅरलचा जेन्सन आईच्या हातून खात नव्हता, तो बाजूच्या हर्षलाकडे जाऊन जेवला. हर्षला अर्नाळ्याची, कोळ्याची लेक. तिची जिविका घरी ताट उधळायची, ती ज्युलीच्या हातून मुकाट्यानं खाऊ लागली. रोज दुपारी तिन्ही दारं उघडायची आणि तीन पोरं आपापली वाटी घेऊन पॅसेजमध्ये एकमेकांना ओलांडून जायची, कामाच्या पाळीवर निघाल्यासारखी. नियम एकच: भात ज्याच्या त्याच्या आईचा, हात दुसरीचा. म्हणजे चूक भातात नव्हती, हे ज्युलीला रोज दुपारी नव्यानं कळायचं.

"काय गो, रडतेस कशाला?" हर्षला एकदा म्हणाली. "पोर जेवली ना? कोनच्या हातून का होईना."

"रडत नाहीये. कांदा चिरत होते."

"कांदा कुठंय?"

कांदा नव्हता. ज्युली दाराच्या भोकाला डोळा लावून उभी होती, समोरच्या घरात आपली मुलगी जेवताना बघायला.

"तुझ्या हातात असं काय आहे ग?" तिनं कॅरलला विचारलंही.

"काय असणार? तुझं पोर उपाशी राहिलं तर पाप तुला लागेल, मला नाही. म्हणून मी निवांत," कॅरल हसून म्हणाली. ती हसली की तिचे खांदे आधी हसायचे, मग तोंड. ती शेजारीण नसती तर ज्युलीनं तिचा हेवा तरी केला असता. पण तिघींचं असं झालं होतं की दूध उतू गेलं तरी एकमेकींच्या दारात सांगायला जायच्या, आणि तोवर दुसरीचंही उतू जायचं.

वर्ष असं चाललं. पुढे कॅरलच्या रॉकीला कुवेतला नोकरी लागली. बायको-पोरासकट.

बातमी ऐकली तेव्हा ज्युलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते, "मग मिरेलला भरवणार कोण?" कॅरल जाणार, हे दुसऱ्यांदा आलं. ते आलं तेव्हा ती बाथरूममध्ये होती, आणि नळ बराच वेळ सुरू राहिला.

कॅरल गेली त्या दुपारी मिरेल वाटी घेऊन समोरच्या कुलूपबंद दारापुढे बसली. आधी थाप मारली, मग कुलपाला भात देऊ केला. हर्षलानं तिला उचललं. जेन्सन गेल्यानं तिचा हात मोकळाच होता. मिरेलनं हर्षलाचा घास घेतला नाही, बोट घेतलं.

"आई गं! तोंडात दात हायत का करवत?" हर्षला बोट झटकत म्हणाली. "ज्युली, हिला कॅरलच पाहिजे. तिचा गाऊन हाय ना तुझ्याकडं? घाल तो."

कॅरलचा जांभळा गाऊन मागे राहिला होता. ज्युलीनं घातला, कॅरलसारखे केस बांधले, खांद्यांनी हसून पाहिलं. मिरेलनं गाऊनचा घेर उचलून आत डोकावून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, आणि आईनं कॅरलमावशीला खाऊन टाकलंय अशा नजरेनं तिच्या पोटाकडे बघत राहिली.

शेवटी व्हिडिओ कॉल सुचला. कुवेतला सकाळ सरत असायची तेव्हा इथे जेवणाची वेळ. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, त्यात कॅरलचं तोंड. ज्युलीनं मिरेलच्या मागे बसायचं आणि हात तेवढा पुढे न्यायचा. हातावर कॅरलच्या रंगाचं नेलपॉलिश. "आ कर ग माझी राणी," कॅरल कुवेतहून म्हणायची, आणि बोळिंजला तोंड उघडायचं. समुद्रापलीकडून घास येतोय याचं मिरेलला काही नवल नव्हतं. पण एकदा मागून ज्युलीला ठसका लागला. मिरेलनं मान वळवून पाहिलं, हात कोणाचा ते ओळखलं, आणि त्या दिवसापासून फोनमधली कॅरलही फुकट गेली. कॉल मात्र रोज होत राहिला. तो बंद करायचं दोघींपैकी कोणालाच सुचलं नाही.

अशाच एका दुपारी कॅरल फोनवर आली ती डोळे सुजवून.

"काय झालं ग?"

"काही नाही." आणि मग सगळंच आलं. "इथे कोणाचं दारच उघडं नसतं, ज्युली. समोर कोण राहतं मला माहीत नाही. रॉकी अंधार पडल्यावर येतो. जेन्सन हर्षलाला शोधतो ग. कपाट उघडतो नि आत 'हशला, हशला' म्हणून हाका मारतो. कालपासून नुसत्या दुधावर आहे. मी घास पुढे केला की असा बघतो माझ्याकडे, जशी मी कोणी चोरच आहे…"

"ए, रडू नकोस. कॅरल, ऐक ना. अगं, माझ्याकडे बघ—"

पण कॅरल तोंडावर हात घेऊन हुंदके देत होती. तिचे खांदे हलत होते, आणि या वेळी ते हसत नव्हते. ज्युली फोनच्या जवळ सरकली. कुवेतला काही हात पोचत नाही. पदर पुढे केला तर तो फोनच्या काचेला लागतो. तिनं काचच पुसली. बऱ्याच वेळानं कॅरलनं नाक ओढलं, "ठेवते ग, दाराची बेल वाजली," म्हणाली, आणि ज्युलीनं खाली पाहिलं.

वाटी रिकामी होती. तिच्या उजव्या हाताला भात लागला होता, मिरेलच्या ओठाला भात लागला होता, आणि मिरेल समोरच बसली होती, आईच्या हाताच्या अंतरावर. ज्युली बोलत होती तेव्हा तिचा हात आपला आपण भरवत राहिला होता, आणि पोर जेवली होती. आईच्या हातून. पोटभर. आणि आईनं तेवढंच पाहिलं नव्हतं.

"मी बघितलं नाही म्हणून!" तिनं धावत जाऊन हर्षलाला सांगितलं. "मी टक लावून बसते ना, त्यानं ती बिचकते. कॅरल कधी बघायचीच नाही."

"मग नको बघूस. सोपं हाय."

सोपं कुठलं! दुसऱ्या दिवशी ज्युलीनं पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाहिलं, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चड्ड्या मोजल्या. पण डोळे वळवले तर कान टवकारले: आता चावलं का, आता गिळलं का. मिरेलचं तोंड चिरेबंद. तिसऱ्या प्रहरी भात कावळ्यांना गेला. कावळे वाटच बघत होते, जिन्यात.

मग कॅरल पुन्हा रडली, आणि मिरेल पुन्हा जेवली.

पुढचं सांगायला ज्युलीला कोणी नव्हतं. हर्षलालासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं ते. दुपार झाली की ती वाटी घेऊन फोनसमोर बसायची आणि विचारायची, "कॅरल, आज काही झालं का ग? म्हणजे… वाईट वगैरे?" कॅरलला वाटायचं, केवढी माझी काळजी! त्या मायेनंच ती बिचारी फुटायची, आणि तिचं समाधान करता करता ज्युलीच्या हातून एक वाटी भात संपायचा. मिरेलचे गाल वर आले. आग्नेल म्हणाला, "बघ, तुझ्या हाताला गुण आला." ज्युलीनं मान खाली घातली. संध्याकाळी घरातल्या आल्तारापुढे मेणबत्ती लावून ती मनापासून मागायची, "देवा, माझ्या कॅरलला सुखी कर." आणि दुपारी तीच बाई पोटातल्या पोटात म्हणायची, "पण जेवण झाल्यावर."

देवानं संध्याकाळचं ऐकलं.

"ज्युली!" कॅरल फोनवर आली ती आधी खांद्यांनी. "अगं, वरच्या मजल्यावर ॲंजेला म्हणून भेटली, मंगलोरची. तिची मुलगीही खात नाही! आज मी तिच्या मुलीला भरवलं, तिनं जेन्सनला. दोन पोळ्या खाल्ल्या ग त्यानं! मीच वेडी, आधी दारं का नाही वाजवली? आता मी रडणार नाही. तुझं डोकं किती खाल्लं मी, नाही?"

"नाही ग. देव पावला," ज्युली म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता, अगदी खरा. तो आनंद झाला कसा नि छातीत टोचतोय कुठे, हे बघायला ती क्षणभर थांबली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. वाटी भरलेली. ओठ मिटलेले.

"मिरेल जेवली?" कॅरलनं विचारलं.

"जेवली, जेवली," ज्युलीनं फोन वर धरला, वाटी दिसू नये म्हणून. "आत्ताच संपवलं तिनं."

"शहाणी ग ती. चल, ॲंजेला थांबलीय." फोन बंद झाला.

मिरेल पुढे झाली. तिनं काळ्या काचेवर बोट मारलं, पुन्हा मारलं. कार्टून अर्ध्यावर बंद पडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "मावशी ललत नाय?" तिनं विचारलं.

ज्युली बघत राहिली. म्हणजे आईचं बघणं न बघणं यातलं काहीच नव्हतं. पोरीला फक्त रडणारी बाई हवी होती, समोर, जेवताना.

"नाही ग बाळा," ती म्हणाली. "मावशी आता रडत नाही. मावशी आता…" कॅरल तिथे दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन बसली होती. इथे समोर कुलूप होतं. भात गार झाला होता, अंगावर जांभळा गाऊन होता, आणि आधी एक हुंदका आला, मग दुसरा, मग त्यांना मोजदाद राहिली नाही.

मिरेलनं चटई ओढून घेतली. मांडी घातली. आईच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, आणि आ केला.

आता त्या बिल्डिंगमध्ये दुपारी कोणी नवा माणूस आला तर दचकतो. चौथ्या मजल्यावरचा आवाज खाली गेटपर्यंत येतो. "कोण गेलं हो?" असं विचारतात लोक. वॉचमन हात हलवून म्हणतो, "कोणी नाही. बेबी जेवतेय." कधी ज्युलीला रडायला काही सुचत नाही, तेव्हा हर्षला पाळीला येते, तिला नवऱ्याचं नाव काढलं की पुरतं. एरवी ज्युलीला सुचवावं लागत नाही. अडचण एवढीच की सुरू झालेलं थांबवता येत नाही. भात संपतो, वाटी संपते, तरी तिचे डोळे वाहतच असतात. मिरेल पाणी पिते, तोंड पुसून घेते, थोडा वेळ वाट बघते, आणि मग उठून आईच्या गालावर ओला हात ठेवून सांगते, "झालं, मम्मा. संपलं."