खंडेनवमीला उचललेलं हत्यार

खंडेनवमीला चाकणच्या कंपन्यांत यंत्रं गप्प असतात. एरवी ज्या प्रेसच्या दणक्यानं शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं, त्या प्रेसला त्या दिवशी झेंडूची माळ असते, खाली फोडलेल्या नारळाचं पाणी असतं. फोर्कलिफ्ट नवरदेवासारखी सजून कोपऱ्यात उभी असते. त्या दिवशी माणसानं हत्यार वापरायचं नाही, हत्यारापुढं वाकायचं, अशी रीत आहे. कुणी शिकवायला लागत नाही, बिहारहून आलेला पोरगाही स्पॅनरला कुंकू लावून हात जोडतो.

जयमाला कंपनीच्या बसमधून पुनावळ्यात उतरली तेव्हा दुपार झाली होती. हातात पेढ्याचा पुडा आणि कपाळावर मशिनच्या पूजेचं कुंकू. ती क्वालिटीला होती. आलेला पार्ट मोजायचा, बरा असेल तर पुढं पाठवायचा.

घराच्या मागच्या अंगणातून ठण् ठण् आवाज येत होता.

"करिष्मा?"

आवाज थांबला. जयमाला मागं गेली. लेक पायरीवर बसली होती. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर तिचं छर्र्याचं पिस्तूल, एका हातात लोखंडी खिळा आणि दुसऱ्या हातात वरवंटा.

"हे काय चालवलंयस?"

"काही नाही."

"वरवंट्यानं?"

करिष्माच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. "सकाळी स्कूटीवरून पेटी पडली. पुढची माशी वाकली. उद्या सकाळी निवड आहे आणि मी वाकड्या माशीनं नेम धरू का?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो काळा चौकोनी दाणा. नेमबाज त्याच्यावरच नजर ठेवतो, बाकी सगळं धूसर असलं तरी चालतं. नेमबाजीच्या क्लबातल्या सुजितसरांनी नवी माशी दिली होती, पण ती बसवणारा माणूस सणाला गावी गेला होता. क्लबात माशी सरकवायचं स्क्रूचं एक यंत्र होतं, ते दुसऱ्या पिस्तुलाच्या मापाचं. सर म्हणाले होते, कुणाकडून तरी बसवून आण, रात्री आठपर्यंत रेंज उघडी ठेवतो. नवी माशी बसली की पिस्तूल पुन्हा नेमाला लावावं लागतं, त्याशिवाय उद्या काही अर्थ नाही.

जयमालानं पिस्तूल उचलून उजेडात धरलं. माशी उतरत्या कडांच्या खाचेत आडवी बसवलेली होती. ती जागची हलली नव्हती. खिळा मात्र घसरला होता, आणि नळीवर एक पांढरा ओरखडा उठला होता.

"आणखी एक ठोका मारला असतास तर खाचच गेली असती."

"मग काय करू? सगळ्या गॅरेजमध्ये जाऊन आले. भूमकर चौकातला तो दाढीवाला म्हणतो, ताई, आज पाना मागू नका, आज पाना देव आहे, उद्या या, उद्या तो परत पाना होईल." ती हसायला गेली आणि रडली.

मग दोघींची नजर एकाच वेळी आतल्या खोलीकडं गेली, आणि दोघींनीही ती काढून घेतली.

आत पाटावर प्रीतमची हत्यारं मांडलेली होती. प्रीतम म्हणजे करिष्माचे पप्पा. चाकणला टूलरूममध्ये होते. आजारपणात गेले त्याला दोन दसरे झाले. लेकीला हे पिस्तूल त्यांनीच घेऊन दिलं होतं, आणि त्याची माशी बदलायला स्वतःच्या हातानं एक पितळी पंच घडवला होता. बोटाएवढी जाड कांडी, टोक एका बाजूनं कानशीनं उतरवलेलं, खाचेच्या कडेला न लागता नेमकं माशीला लागावं म्हणून. पितळ मऊ. ते स्वतः दबतं, पोलादाला ओरखडू देत नाही. सोबत एक हलकी हातोडी, वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसच्या जबड्यात घालायच्या लाकडाच्या दोन पट्ट्या, त्यांना आतून लोकरीचा नमदा चिकटवलेला.

ते गेल्यावर जयमालानं सगळं एका पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. शेजारच्यांनी एकदा त्यातला मापं घ्यायचा व्हर्नियर मागितला होता. तिनं सांगितलं, "त्याला हात लावायचा नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, गाठोडं उतरायचं. ती तेल लावायची, कुंकू वाहायची, दसऱ्याला पुन्हा गाठ मारायची.

"मी भाऊजींना विचारून येते," ती म्हणाली.

भाऊजी म्हणजे प्रीतमचे थोरले भाऊ दौलतराव. त्यांचं ताथवड्याच्या रस्त्याला छोटं वर्कशॉप होतं. पण त्यांच्याही हत्यारांची पूजा सकाळीच झाली असणार, आणि ते स्वतः या वेळी देवळात. नवरात्रात चार वाजता कीर्तन, आणि दौलतराव टाळकरी.

ती पोचली तेव्हा बुवा उभे राहिले होते. दौलतराव दुसऱ्या रांगेत टाळ घेऊन, डोळे अर्धे मिटलेले. उभ्या टाळकऱ्याला मधून बोलावणार कसं? ती बायकांमध्ये खाली बसली. पखवाजाची थाप पडली, गजर चढत गेला, आणि तिचे हात आपोआप टाळीला लागले. कीर्तनात बसलं की तिचं असंच व्हायचं. पदर खोचून भांडायला आलेली बाईही तिथं नकळत टाळी धरते.

चऱ्होलीहून आलेले बुवा म्हातारे होते, पण आवाज खणखणीत. त्यांनी उपरणं सावरलं.

"उद्या दसरा. शमीची पूजा. का हो? अज्ञातवासाला निघालेल्या पाच भावांनी तिच्यावर हत्यारं ठेवली म्हणून. भावांची नावं सांगू का?"

"नको!" मंडप हसला.

"नको म्हणता म्हणजे ठाऊक आहेत. मग हत्यारं कशी ठेवली ते सांगा." माणसं एकमेकांकडं बघू लागली. "प्रेतासारखी बांधली, माउली. गुराख्यांनी विचारलं, वर काय बांधलंत? तर म्हणाले, आमची म्हातारी आई गेली, तिला झाडावर ठेवायची आमच्या कुळाची रीत. जवळ जाऊ नका. मग कोण जातंय? वर्ष सरलं. आणि एक दिवस गाई वळवून नेल्या हो! गाई हंबरायला लागल्या. तेव्हा मधला भाऊ त्या झाडाखाली आला. सोबतच्या पोराला म्हणाला, चढ. पोरगं म्हणतं, मी नाही चढायचो, वर प्रेत आहे."

बुवा थांबले. टाळ थांबले. मग ते अगदी हळू म्हणाले, जणू एकाच माणसाला सांगतायत.

"बाळा, ते प्रेत नाही. ती आमची हत्यारं आहेत. घाबरू नको. गाठ सोड."

पखवाज वाजला, मंडपानं नामाचा गजर उचलला. जयमालाची टाळी मात्र थांबली होती. शेजारच्या रंभाकाकूंनी विचारलं, "काय गं, घेरी आली का?" तिनं मान हलवली.

आरती झाली. दौलतरावांना तिनं देवळाच्या पायरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी टाळाची दोरी मनगटावरून सोडली.

"आगं, आज हत्यार उचलत न्हाईत. सकाळी उत्तरपूजा करू, मग देतो की बसवून."

"सकाळी सातला तिला माणच्या रेंजवर हजर व्हायचंय, भाऊजी. आणि आज नेमाला लावलं नाही तर..."

"आन् माझ्याकडं समदं लोखंडाचं. लोखंड लोखंडाला खातं." ते थांबले. "प्रीतमची पितळी कांडी लागंल त्याला."

"हो."

"ती तू देशील?"

ती पायरीखाली आपल्या चपला शोधायला लागली.

"बघ, मी तुला कधी मागितली न्हाई," दौलतराव म्हणाले. "पोरीच्या पिस्तुलाचं काय बी निघालं तरी न्हाई मागितली. आन् आज तर पाटावर हाय. बुवांनी सांगितलं ते खरं, पण ती थोर माणसं हुती. आपण पुनावळ्याची."

"गाई आपल्याही गेल्यात, भाऊजी," जयमाला म्हणाली. "चला."

घरी समई तेवत होती. करिष्मा पाटापासून लांब, दाराशी बसली होती. तिनं पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढून ठेवला होता, छर्रा नाही हे दोनदा बघितलं होतं. जयमालानं हातपाय धुतले, पाटापुढं बसली, मूठभर अक्षता घेतल्या. तोंडात मंत्र येत नव्हता. तिनं नुसतं नाव घेतलं देवाचं, आणि मग, कुणाला ऐकू येईल न येईल असं, दुसरं एक नाव.

अक्षता वाहिल्या आणि पितळी कांडी बोटानं जराशी सरकवली. मूर्ती हलवली की पूजा उठते, तशी.

दौलतरावांनी टोपी काढून हात जोडले. "उठली," ते म्हणाले. "आता त्याचं हत्यार हाय."

मागच्या पडवीत प्रीतमचा बाक तसाच होता. दौलतरावांनी त्यावरच्या व्हाइसच्या जबड्यांत नमद्याच्या पट्ट्या घातल्या, नळी आवळली, तीही हलक्या हातानं. मग हातोडी उचलून जयमालापुढं धरली. तिनं ती करिष्माकडं दिली.

"मी?"

"तुला शिकवलंय ना त्यांनी?"

"डावीकडून ठोकायची, उजवीकडं काढायची," करिष्मा एकेक शब्द आठवत म्हणाली. "नवी उजवीकडून आत."

पहिला ठोका फारच हलका पडला.

"आगं, डास मारतीयस का?" दौलतराव म्हणाले.

"तात्या, जोर नाही द्यायचा. पप्पा म्हणायचे, ठोका लहान ठेव, आणि कान दे."

टुक. टुक. टुक. पितळेचा आवाज बंद, मऊ. दौलतराव मान डोलवायला लागले, टाळकऱ्याला ठोका ऐकून स्वस्थ बसवत नाही. थोड्या वेळानं आवाज बदलला, पोकळ झाला, आणि वाकडी माशी खाचेतून निसटून टॉवेलवर पडली. खाच जशीच्या तशी होती.

नवी माशी बोटानं थोडी आत गेली, उरलेली ठोक्याठोक्यानं. "बास," जयमाला म्हणाली. ती आत गेली आणि पाटावरचा व्हर्नियर घेऊन आली. या वेळी तिनं अक्षता वाहिल्या नाहीत, नमस्कार केला आणि उचलला. डावीकडचं अंतर मोजलं, उजवीकडचं मोजलं.

"डावीकडं अजून एक केसभर."

टुक.

तिनं पुन्हा मोजलं. रोज शेकडो पार्ट ती एकेकदाच मोजायची, आज तिनं तिसऱ्यांदाही मोजलं. "पास," ती म्हणाली.

दौलतरावांच्या मोटारसायकलवरून करिष्मा माणला गेली, आणि आठच्या आत परतलीही. "मध्ये पडतंय," एवढंच म्हणाली. मग पोटभर जेवली. जेवली म्हणजे सगळं सांगितलंच की तिनं.

दसऱ्याच्या पहाटे दाराला तोरण लागलं होतं. पाटावर कानस होती, ड्रिल होतं, मधली एक जागा रिकामी होती. दौलतराव उत्तरपूजेला आले, त्यांनी त्या जागेवरही अक्षता टाकल्या.

करिष्मा पेटी आवरत होती. पितळी कांडी तिनं पिस्तुलाशेजारी ठेवली आणि आईकडं बघितलं. तोंडानं विचारलं नाही.

"घे," जयमाला म्हणाली. "पण थांब, कुंकू आहे त्याला. हाताला लागेल, मग पकड घसरेल."

ती आत गेली. कपाटाच्या वरच्या फळीवरून गाठोड्याचा तो धोतराचा पांढरा तुकडा काढला, दातानं कड पकडली आणि एक पट्टी फाडली. कांडीवरचं कुंकू नीट पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. मग ती पट्टी घडी करून पेटीत घातली.

"राहू दे. पुसायला लागतंच काहीतरी."