आवंढा

पद्मजाने घरच्या ग्रुपवर फक्त आकडा टाकला होता: तीन. पुढे दोन फुगे आणि 'अंशु रॉक्स, यार!'

स्वरूपाने तो मेट्रोत वाचला. लगेच फुलांची चित्रं धाडली, 'खूप खूप आनंद झाला गं' असं लिहिलं, आणि मंडी हाऊस स्टेशन येईपर्यंत तिच्या अंगाची लाही लाही होत राहिली. कारण तिच्या वल्लरीचा आकडा अठ्ठेचाळीस होता.

वल्लरी आणि पद्मजाचा अंशुमन सख्खी चुलत भावंडं, आणि दुखणंही एकच. घास अन्ननलिकेत अडकायचा. पोळीचा तुकडा छातीशी रुतला की वल्लरी टेबलाची कड घट्ट धरून बसायची. चौदा वर्षांची पोर, पण अंगावर मांस नाही. डॉक्टर दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे काढत आणि ते तपासून त्यात घुसलेल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी मोजल्या जात. ॲलर्जीत धावून येणाऱ्या या पेशींचं तिथे कामच नाही. त्या पंधराच्या खाली आल्या की औषध लागू पडलं म्हणायचं.

गुरुग्रामची डॉक्टर एकच, औषध एकच. दम्याचाच पंप, पण ओढायचा नाही. तोंडात फवारायचा आणि गिळायचा, म्हणजे औषध अन्ननलिकेला चिकटून बसतं. त्यावर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. बारा आठवड्यांत अंशुमन साठावरून तीनवर आला आणि वल्लरी बावन्नवरून अठ्ठेचाळीसवर. चार पेशी कमी झाल्या म्हणून काय पेढे वाटायचे?

आणि बाजी मारली तीही कुणाच्या पोराने? पद्मजाच्या! ही धाकटी जाऊ दिल्लीतच जन्मलेली, दिल्लीतच वाढलेली. पोराशी अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी आणि उरलं तर मराठी बोलायची. 'अंशु, पंप ले, थूक निगल, चलो!' जेवायच्या टेबलावर थूक! स्वरूपा पुण्याची. सरकारी नोकरीमुळे वीस वर्षं इथे काढली, पण घरात शुद्ध मराठीच चालेल हा तिचा दंडक होता. तिने वल्लरीला नीट सांगितलं होतं, 'फवारा तोंडात घे, आवंढा गिळ, मग अर्धा तास काही नको.' रोज सकाळी साडेसातला मेट्रोतून ती फोन करायची. "आवंढा गिळलास?" "हो आई." रात्री वल्लरी दात घासून झाल्यावर बाथरूममध्येच फवारा घ्यायची आणि आत्ताच गिळला म्हणून ओरडून सांगायची. बारा आठवड्यांत एक खाडा नाही. तरी फळ मात्र पद्मजाच्या पदरात.

ऑफिसात फायली उपसताना तिच्या मनात आलं, पुढच्या तपासणीत त्या तीनाचे तीस होऊ देत. आलं ते आलंच. पोटच्या पोरासारख्या पुतण्याचं वाईट चिंतलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली. पण इच्छा काही मागे घेववेना.

शुक्रवारी गुरुग्रामला डॉक्टर सलूजांनी वल्लरीचा रिपोर्ट पुढे ओढला. "कोई डोज़ मिस तो नहीं हुआ?"

"बिल्कुल नहीं," स्वरूपा ठासून म्हणाली.

"फिर दवा काम नहीं कर रही. दूध, गेहूँ, अंडा, सोया, सब बंद करके देखते हैं. सोमवार से."

बाहेर आल्यावर वल्लरी म्हणाली, "म्हणजे पोळीपण नाही? डब्यात काय नेऊ मग?"

रविवारी पद्मजाने श्रीखंड-पुरीचा बेत केला. न जावं तर जळफळाट उघडा पडतो, म्हणून स्वरूपा गेली. अंशुमन पुरीमागून पुरी उडवत होता, एकही अडकत नव्हती. स्वरूपा त्याच्या गळ्याकडे बघत बसली. वल्लरीही जपून चावून खात होती. उद्यापासून तेही बंद.

जेवणं झाल्यावर स्वरूपा म्हणाली, "वल्लरी, सकाळचा फवारा राहिलाय ना? सोमवारपर्यंत तरी नेम मोडू नकोस." वल्लरीने पर्समधून पंप काढला, फवारा घेतला आणि शेजारचा पेला उचलून घटाघटा पाणी प्यायली.

"दीदी! पानी क्यों पिया?" अंशुमन ओरडला. "सगळं वॉश होऊन जातं ना!"

"आईनेच सांगितलंय. आधी आवंढा गिळायचा, मग अर्धा तास काही नाही."

"आवंढा क्या होता है?"

"अरे, पाण्याचा मोठा घोट."

स्वरूपाच्या पायाखालची जमीन सरकली. बारा आठवडे, रोज दोनदा, औषध पोटात धुऊन जात होतं, आणि ती फोनवरून विचारत होती, गिळलास का?

"अगं, आवंढा म्हणजे तोंडातली लाळ," ती कशीबशी म्हणाली. "पाणी नाही."

"मग तसं सांगायचंस ना," वल्लरीचा आवाज चढला. "मला काय माहीत? इथे कोण बोलतं असं?"

पद्मजा हसली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती हळूच म्हणाली, "वहिनी, मलाही नव्हतं माहीत हो. तुम्ही डॉक्टरांना आत्ताच फोन करा ना. उद्यापासून डाएट चालू होईल."

सगळ्यांदेखत? एक क्षण स्वरूपाला वाटलं, गप्प बसावं. घरी जाऊन गुपचूप नीट शिकवावं, डॉक्टरांना म्हणावं डाएटला थोडे दिवस द्या. पण मग पोरीची पोळी कुठल्या तोंडाने वाचवायची? तिने फोन लावला. "डॉक्टर मैडम, गलती मेरी है. बच्ची ऊपर से पानी पी रही थी. मैंने ठीक से समझाया नहीं. थूक... थूक निगलना था."

सलूजा रागावल्या, मग म्हणाल्या, डाएट राहू दे, अजून बारा आठवडे पंपच द्या, नीट.

फोन ठेवून स्वरूपा पद्मजाकडे वळली. "मी साडेसातला मेट्रोत असते. तू घरून काम करतेस. सकाळी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडे बघशील?"

"अरे, बिल्कुल! अंशुबरोबरच घेईल."

रोज सकाळी तो कॉल होऊ लागला. स्वरूपा मेट्रोतून फोन करी तेव्हा वल्लरीचा फोन बिझी असे. ती घरी आली की वल्लरी सांगायची, काकू असं म्हणाली, काकूने तसं करून दाखवलं. स्वरूपा ऐकून घ्यायची आणि कणीक जरा जास्तच जोरात मळायची.

चौथ्या महिन्यात पुन्हा दुर्बीण झाली. रिपोर्ट आला तेव्हा तो स्वरूपाच्याच हातात होता. पाच. तिने पुन्हा वाचला. पाचच. तिचे डोळे भरून आले, तिने वल्लरीला जवळ ओढायला हात पुढे केला.

वल्लरीने फोन कानाला लावला होता. "काकू! फाइव्ह आला, फाइव्ह! सगळ्यात आधी तुलाच सांगतेय."