आकाशातून पडलेला लूशस टॉलिव्हर

आमचा लूशस आकाशातून पडला, असं आमच्या डेटन शहरात शेंबडं पोरही सांगेल. मी त्याची थोरली बहीण, व्हर्लीन. तो कुठून आला ते मला विचारा ना! पण मला कोण विचारतंय?

त्याच्या फंक बँडचा, म्हणजे दणक्या ठेक्यावर लोकांना नाचवणाऱ्या बँडचा, नियमच होता. बँडमध्ये आलं की पृथ्वीवरचे आईबाप, घरदार विसरायचं आणि नवा ग्रह धरायचा. लूशस झाला डॉक्टर धूमकेतू. ड्रम वाजवणारा थेरॉन, म्हणजे कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा मुलगा, तो शनीवरून आला. बाकीचे आठदहा जण कुठून कुठून आले, आणि त्यातला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की बँड मीच काढला. ज्या यानातून ही मंडळी स्टेजवर उतरायची, ते आमच्या गॅरेजमध्ये भंगारातल्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याचं बनलं. चंदेरी झगे आईने शिवले, कारखान्याच्या कँटीनमधून दमून आल्यावर. आता विद्वान लोक त्या झग्यांवर जाडजूड पुस्तकं लिहितात. म्हणे ते कापड या जगातलं नाही. सेलमधले पडदे होते हो ते.

त्याचं आईला काही नव्हतं. तिला एकच गोष्ट खुपायची. इतक्या वर्षांत लूशसने चारचौघांत तिला कधी आई म्हटलं नव्हतं. मुलाखतीत कुणी विचारलं की हा सांगणार, मला आई नाही, मी ताऱ्याच्या राखेतून उठलो. ती टीव्ही बंद करायची आणि स्वयंपाकघरात जायची. मला लूशसच्या कानाखाली दोन वाजवाव्याशा वाटायच्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्याला त्याचं नाव द्यायचं ठरलं. समारंभाच्या आदल्या रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. त्याच्या ताटात तळलेली कोंबडी वाढता वाढता आई म्हणाली, "लूशस, मी आता किती दिवसांची? एकदा सगळ्यांसमोर सांग, मी तुझी कोण ते."

तो मान खाली घालून जेवत राहिला. मी म्हटलं, राखेला वाचा फुटत नाही वाटतं. आईने मलाच दटावलं.

समारंभ भर दुपारी होता. तोंडाला चंदेरी रंग फासून लूशस स्टेजवर माइकसमोर आला, मागे बँड वाद्यं घेऊन तयार. लोकांना आकाशातून पडल्याची गोष्ट हवी होती. त्याने सवयीने सुरुवातही केली, तेवढ्यात पहिल्या रांगेत चर्चला घालायची ठेवणीतली टोपी घालून बसलेली आई त्याला दिसली.

"खोटं आहे सगळं," तो म्हणाला. "मी याच रस्त्यावर जन्मलो. ही ओडेसा टॉलिव्हर, अलाबामाहून इथे आलेली. माझी आई आहे ही."

डोळे पुसायला तो थांबला आणि तिथेच घात झाला. लूशस बोलता बोलता थांबला की पुढच्या पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं, ही बँडची जुनी शिस्त. थेरॉनने दणका हाणला. मागोमाग बेस गिटार, ट्रम्पेट, सगळे सुटले. लोक नाचायला लागले. लूशस रडत होता, हात हलवून थांबा म्हणत होता, आणि माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, काय अभिनय करतो हा, वा.

एका पत्रकार पोरीने माइक आईच्या तोंडापुढे धरला. "मिसेस टॉलिव्हर, तुम्ही कुठल्या ग्रहावरच्या?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तर आईने माझा हात दाबला. ती सावकाश स्टेजवर चढली आणि रुमालाने लूशसच्या गालावरचा रंग पुसू लागली. पोरगी माइक घेऊन मागोमाग गेली.

"हा माझा मुलगा," आई म्हणाली. "तो जिथला, तिथलीच मी."