पंचफुलाबाईच्या रविवारचा कूलर

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरं सांगायचं तर तुम्ही माझे मित्र-बित्र कोणी नाही. तुमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी माझ्यासारख्याच्या जाळीला तोंड लावून ‘आऽऽऽ’ केलेलं आहे, आपला आवाज कसा फाटतो ते ऐकायला. जाळीतून पेन्सिली खुपसल्या आहेत. पातं वाकडं झालं की मग आईला जाऊन सांगायचं, कूलरच खराब आहे! पण ऐका. राग आला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि मार्चपासून जूनपर्यंत मला राग आलेलाच असतो.

माझा जन्म अकोल्यातला. धर्मपाल नावाच्या कारागिरानं पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला उभं केलं. तो त्या दिवशी घरून भांडून आला असावा, कारण प्रत्येक खिळा त्यानं दात खाऊन मारला. तीन बाजूंना गवत भरलेल्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, छातीत पंखा. आवाज असा दिला की मी सुरू झालो की शेजाऱ्यांनी आपला टीव्ही मोठा करावा. गिऱ्हाइकं यायची, कानावर हात ठेवायची आणि दुसऱ्या कूलरकडे वळायची. जा म्हणावं. मी काही तुमची वाट पाहत नव्हतो.

मला घेतलं पंचफुलाबाईनं. ती सरकारी दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला, पदरात संघपाल नावाचा एक पोरगा. दवाखान्यात दिवसभर रडारड, किंकाळ्या, स्ट्रेचरची खडखड. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, “हा पायजे. याच्यापुढं दुसरं काई आयकू येत नाई.” माझ्या आयुष्यात माझी तारीफ एवढीच झाली. मला ती पुरली.

आता पंचफुलाबाईचा रविवार कसा असायचा ते सांगतो. सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायचं. येऊन अंघोळीच्या पाण्याआधी माझी टाकी भरायची. अकोल्याचा नळ, आला तर आला, पण माझं पाणी तिनं कधी चुकवलं नाही. आधी प्लग काढायची, पायात चप्पल घालायची, मगच पाईप धरायची. बाजूच्या गल्लीतल्या एका कूलरनं चालू असताना पाणी भरणाऱ्याला असा झटका दिला होता की तो माणूस परत उठला नाही. आम्ही पत्र्याचे आहोत, आम्हाला दयामाया नसते. तुम्हीच सांभाळून राहायचं असतं.

मग जेवण. वरण-भात, कांदा आणि मे महिना असला तर आंब्याचा रस. आणि मग माझ्यासमोर, गार फरशीवर, चटई. बस. एवढाच तिचा आराम.

पण ती एकटी नसायची. समोरच्या घरातली चतुराबाई उशी काखेत मारून यायची. चतुराबाई तेल्हाऱ्याची, शेतकऱ्याच्या घरची, लग्न होऊन अकोल्यात आलेली. तोंडानं फाटकी. आली की दारातूनच सुरू व्हायची.

“सरक वो तिकडं! सारा वारा तूच खाऊन राह्यली काय?”

“ये, ये. तुह्याच बापाचा कूलर आहे तो.”

दोघी आडव्या व्हायच्या, गल्लीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या आणि बोलता बोलता पंचफुलाबाईचं तोंड उघडं पडायचं. झोपली. आठवडाभर जागलेली बाई झोपली. चतुराबाई थोडा वेळ एकटीच बोलत राहायची, मग तीही घोरायची.

यात माझी एक अट होती. कूलरची रीत अशी असते की खिडकीतून वारा आत आला तर दारातून तो बाहेर जायला हवा. दार लावलं की खोली दमट होते, अंग चिकट होतं, डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. म्हणून ज्या घरी कूलर, त्या घराचं दार दुपारभर उघडं. आणि दार उघडं म्हटल्यावर कोण येत नाही? पोरं यायची, मांजर यायची, रस्त्यानं जाणारा घोटभर पाणी मागायचा. मला यातलं कोणीच आवडायचं नाही. पण दार उघडं ठेवल्याशिवाय माझं चालायचं नाही आणि दार उघडं असल्याशिवाय पंचफुलाबाईचं.

संघपाल शिकला, कचेरीत लागला, मायाशी लग्न केलं. पंचफुलाबाई रिटायर झाली. आणि इथून माझ्या डोक्यात खरी तिडीक गेली, कारण पोरानं आईला आराम द्यायचं ठरवलं.

“आई, तू जिंदगीभर राबली. आता रविवार म्हणजे फक्त आराम,” तो म्हणाला. बोलला चांगलं, नाही म्हणत नाही. पण मोबाईलवर बघून बघून आरामाच्या काय एकेक तऱ्हा काढल्या त्यानं! एका रविवारी पहाटे बागेत नेऊन हसायच्या क्लासला उभी केली. तीस माणसं विनाकारण हा हा हा करतात. ती परत येऊन म्हणाली, “हासाले काई कारण लागते का नाई बावा?” पुढच्या रविवारी अमरावतीला. तिथं काचेच्या टाकीत पाय सोडून बसायचं आणि बारके मासे पायाची कातडी खातात. “सारी जिंदगी मासे म्या खाल्ले, आता मासे मले खाऊन राह्यले!” मग मालिशची थरथरणारी खुर्ची. त्या खुर्चीतून उठल्यावर तिचं घरभर कमरेला हात लावून चालणं मी बघितलं आहे.

एक मात्र तिला आवडलं, आणि ते मला अजून टोचतं. चिखलदऱ्याला तलावात ती नावेत बसली. जन्मात पहिल्यांदा. आली ती लहान पोरीसारखी. “पाणी असं हाताले लागते, माया! अन् आवाज नाई, काई नाई. चतुराले आणाले पायजे होतं.” आवाज नाही म्हणे! मी खिडकीत जळून खाक झालो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एसी आला. पांढरा, गुळगुळीत, हूं की चूं नाही. असल्या तोंड दाबून बसणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. खिडकीला काच लागली. पुढच्या दाराला, जुन्या लाकडी दाराच्या आत, ॲल्युमिनिअमचं काचेचं दार बसलं, आपोआप लागणारं. सोडलं की स्वतःच धाडकन बंद. आणि मला दोघांनी उचलून गच्चीवर नेऊन टाकलं. माझ्या टाकीत मांजर व्याली. बोला!

गच्चीवरून मला समोरचं सगळं दिसायचं. पहिल्या रविवारी चतुराबाई उशी घेऊन आली. काचेवर टकटक केली. संघपालनं हातभर दार उघडलं.

“काकू, लवकर आत या. दार लावा, थंडी हवा जाऊन राह्यली.”

तो नीटच बोलला, बरं का. या म्हणाला. पण चतुराबाईनं काचेच्या दाराकडे बघितलं, आपल्या उशीकडे बघितलं आणि म्हणाली, “राहू दे बापू. दूध उतू जाईन माह्यं.” दुपारी दोनला कसलं दूध? ती गेली ती गेलीच. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पंचफुलाबाईनं रस्त्यात दोनदा हाक मारली. चतुराबाई हो-हो म्हणून पुढं गेली.

आणि पंचफुलाबाईची झोप उडाली. त्या गारेगार खोलीत ती अंगावर चादर घेऊन उघड्या डोळ्यांनी पडायची. मग उठून, पापड बघते म्हणून, भर उन्हात गच्चीवर यायची आणि माझ्या सावलीत बसायची. माझ्या सावलीत! मी तिला वारा द्यायचा, तर देत होतो सावली. ती समोरच्या दाराकडे बघत बसायची आणि माझा पत्रा असा तापायचा की कोणी हात लावला असता तर भाजला असता. लाव म्हणावं संघपालला.

डोळ्याखाली काळं आलं तिच्या. मायानं डॉक्टरला दाखवलं. संघपाल म्हणाला, “आईले बदल पायजे. पुढच्या रविवारी कुठंतरी नेतो.” डोंबलाचा बदल!

मग तो रविवार आला. पंचफुलाबाई विहारात गेल्याचं बघून संघपालनं भंगारवाल्याला बोलावलं. गच्ची साफ करून आईसाठी तिथं झुला लावायचा होता, छत घालून, कुंड्या ठेवून. भंगारवाल्यानं मला पाठीवर घेतलं, जिन्यात दोनदा आपटलं आणि अंगणात आणून ठेवलं. हातगाडी दारात उभी होती. संपलं, मला वाटलं. तेवढ्यात पांढऱ्या लुगड्यात ती फाटकातून आत आली.

“हे काय चालू आहे?”

“आई, भंगार काढून राह्यलो. तुह्याच आरामासाठी.”

“माह्या आरामाचं मले इचारलं काय तू? एक डाव तरी?”

“गंजला तो कूलर! एखाद्या दिवशी करंट मारंल.”

“इतक्या वर्सात मारला काय? तू मारून राह्यला मले करंट!” तिचा आवाज चढला. तिला असं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. “मासे चावले, हासून घेतलं, खुर्चीत बसली. तुह्यासाठी बसली. मले झोप येत नाई, संघपाल. चतुरा येत नाई अन् मले झोप येत नाई.”

“चतुराकाकू येत नाई तं म्या काय करू? म्या तिले येऊ नोको म्हटलं काय?”

“तू नाई म्हटलं. तुह्यं दार म्हणते. उघडलं की लागते, उघडलं की लागते. ते साऱ्यायले जा म्हणते.”

पंचफुलाबाई भंगारवाल्याकडे वळली. “काहो भाऊ, ॲल्युमिनिअम घेता काय?”

भंगारवाल्याचे डोळे लकाकले. “घेतो ना मावशी. पत्र्याहून तेच बरं.”

“मंग कूलर ठेवा अन् हे दार काढा.”

“आई! नवं कोरं दार आहे!”

“म्हणून तं देऊन राह्यली. जुनं असतं तं ठेवलं असतं.”

आतून माया आली. मला वाटलं, आता ही नवऱ्याची बाजू घेणार. तिच्या हातात स्क्रू काढायचा पेचकस होता. “घ्या भाऊ,” ती म्हणाली. “माह्यं बोट दोनदा चेंगरलं त्या दारात.”

तर मित्रांनो, जो भंगारवाला मला न्यायला आला होता तो काचेचं दार घेऊन गेला. हातगाडी चतुराबाईच्या ओट्यासमोरून गेली. ती डाळ निवडत होती. तिनं गाडीवर आडवं पडलेलं ते दार डोळे भरून बघितलं.

दुपारी खिडकीची काच काढून मला पुन्हा तिथं बसवलं आणि टाकी भरली. आधी मांजरीचे केस उडाले, मग धूळ, मग गवताचा ओला वास, आणि मग मी गरजलो. पंचफुलाबाई चटईवर आडवी झाली. डोळे दाराकडे. मी जीव खाऊन वारा फेकत होतो आणि तिला झोप येत नव्हती.

मग दारात उशी दिसली. चतुराबाईनं जिथं काच होती तिथं हवेत हात फिरवून बघितला.

“गेलं काय ते?”

“गेलं.”

“बरं झालं. सरक तिकडं. अन् त्या नावेचं काय म्हणत होती तू? पडली नाई काय पाण्यात?”

पंचफुलाबाई नावेचं सांगायला लागली. पाणी हाताला कसं लागतं इथपर्यंत आली आणि तिचं तोंड उघडं पडलं.

तासाभरानं संघपालही चटई घेऊन हळूच माझ्यासमोर आला. मी त्याच्या तोंडावर गार पाण्याचे शिंतोडे उडवले. मुद्दाम. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आता तुम्हाला सांगतो. कोणाला आराम द्यायचा असेल तर जरूर द्या, नावेत बसवा, डोंगरावर न्या, नवं काय ते करून बघा. पण आधी त्या माणसाला विचारा, तुला झोप कशानं लागते? आणि ते उत्तर माझ्यासारखं गंजकं, आरडाओरडा करणारं, चारचौघांत लाज आणणारं निघालं, तरी ते घराबाहेर काढू नका. माझ्या ताट्या दर उन्हाळ्यात बदला, प्लग काढून पाणी भरा. एवढं केलंत तरी मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. आणि आता उठा समोरून. दोन म्हाताऱ्या झोपल्या आहेत आणि तुम्ही वारा अडवून उभे आहात.