कै. सुमतीबाईंचे मेतकूट

“नाव हीच माणसाची खरी इस्टेट. बाकी सगळं भाड्याचं!” विश्रामने हेमांगी वकीलबाईंच्या टेबलावर मूठ आपटली. चहा उसळला आणि ट्रेडमार्कच्या अर्जावरचं नावच आधी भिजलं.

हेमांगीने ते रुमालाने टिपलं. ठाण्यात खोपटला एकाने याच नावाचं मेतकूट, अशाच हिरव्या पाकिटात विकायला काढलं होतं. तेव्हापासून बाळकुमला मेतकूट विकणाऱ्या विश्रामची झोप उडाली होती.

“नोंदणी झाली की प्रमाणपत्र दाखवलं तरी पुरतं,” हेमांगी म्हणाली. “नाहीतर नाव तुमचंच, हे बिलं, जाहिराती, गिऱ्हाइकं आणून सिद्ध करत बसा. आणि नोंदणीचा हक्क धरतात अर्जाच्या तारखेपासून. खोपटवाल्याच्या आधी अर्ज जायला हवा.”

“मग आजच पाठवा ना!” विश्राम उठला, बसला, परत उठला.

“पाकिटावर बाईंचं नाव आहे, फोटो आहे. वारसांची संमती लागेल. कधी वारल्या?”

विश्रामने पंख्याकडे पाहिलं.

“त्या टिटवाळ्याला असतात.”

“वारस?”

“नाही, सुमतीवहिनीच. माझ्या थोरल्या भावाची बायको.”

हेमांगीचं पेन थांबलं. “मग हे ‘कै.’ कशाला?”

“मॅडम, वहिनीचं मेतकूट म्हटलं की लोक घासाघीस करतात. कैलासवासी वहिनीचं म्हटलं की हात जोडून घेतात.”

“ते काढून अर्ज नव्याने करू. आणि बाईंची स्वतःची सही आणा. संध्याकाळच्या आत.”

टिटवाळ्याला सुमतीवहिनी गॅलरीत मेथ्या निवडत होत्या. विश्रामने पाणीसुद्धा न पिता कागद पुढे केला. त्यांच्या नावाचा सरकारदरबारी कसा मान होणार आहे, हे त्याने एका दमात सांगितलं.

“करते की सही. पाकीट बघू जरा.”

“पाकीट? घरी राहिलं.”

“भावोजी, पिशवीतून ते हिरवं काय डोकावतंय?”

विश्रामने पाकीट दिलं आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने बराच वेळ पाहिलं.

वहिनींनी चष्मा लावला. पाकीट लांब धरलं, जवळ धरलं.

“किती वर्षं झाली मला जाऊन?”

“सहा,” विश्राम पुटपुटला.

“फोटो बरा आलाय.”

त्यांनी पाकीट फोडलं, चिमूटभर मेतकूट जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग सहीचा कागद उलटा करून मेथ्यांच्या ताटाखाली सरकवला.

विश्रामने घड्याळ पाहिलं. साडेचार वाजले होते. “वहिनी, चुकलो. ते ‘कै.’ उद्याच्या उद्या काढतो. तुमच्या पायाची शपथ.”

“ते राहिलं तरी माझं काही अडत नाही.”

“मग?”

“सहा वर्षं माझ्या नावावर लोकांना हे खाऊ घालताय?”

वहिनींनी ताट बाजूला केलं, कागद सुलटा केला, पेनाचं टोपण काढलं आणि सहीच्या जागेवर टोक टेकवून थांबल्या.

“सुंठ तेवढी घालत जा, भावोजी.”