खूण करून पुढे

"मशीन कोणी थांबवलं? अहो, कोणी थांबवलं मशीन?" मुकादम ओरडतच आला आणि बघतो तर काय, खुद्द दुर्बीणबाई! कळ त्यांनीच दाबली होती.

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात या बाई सव्वीस वर्षं बसत होत्या. समोर तिरपी काच, काचेमागे दिवे, आणि काचेवरून पांढरंशुभ्र कापड संथपणे खाली वाहत जायचं. धागा तुटलेला दिसला, गाठ दिसली, डाग दिसला, की किनारीला लाल दोऱ्याची खूण बांधायची आणि कापड पुढे जाऊ द्यायचं. पुढे रफूमावशी बसे. खूण बघून ती दुरुस्त करी. नियम एकच, दोषापाशी थांबायचं नाही. थांबलं की मागची सगळी रांग खोळंबते. बाईंच्या नजरेतून मुंगीच्या पायाएवढा दोष सुटत नसे, म्हणून तर ते नाव पडलेलं. आणि आज पेरभर पिवळसर डाग बघून त्यांचा हातच चालेना.

नवऱ्याचे डोळे असेच पिवळे होत गेले होते. रोज सकाळी दोघं चहाला समोरासमोर बसत. जगाचे दोष शोधणाऱ्या या बाईंना वाटलं, खोलीतल्या बल्बचाच रंग असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आणलं असतंत तर..." आणि वाक्य तसंच सोडून ते टेबलावर पेन शोधू लागले. ते वाक्य गेली दोन वर्षं बाई पुरं करत होत्या. केस विंचरताना, भांडी विसळताना, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावरसुद्धा. तुला दिसलं नाही. तुला दिसलं नाही.

आता नवीनच पेच पडला होता. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या, आणि मुलीची बाळंतपणाची रजाही तेव्हाच संपत होती. "आई, बाळाला तूच सांभाळशील ना?" मुलीने तीनदा विचारलं. बाईंनी कधी गुडघे पुढे केले, कधी जिना, पण ताकास तूर लागू दिली नाही. खरं कारण कुठल्या तोंडाने सांगणार? जिला नवऱ्याचं मरण दिसलं नाही, तिच्या हाती एवढासा जीव द्यायचा?

जेवणाच्या सुट्टीत रफूमावशी शेजारी येऊन बसली. मावशी नावापुरतीच, वयाने चार वर्षं धाकटी, आणि चर्चमध्ये बाईंच्याच बाकावर बसणारी.

"काय गं दुर्बीण, आज काचेवर धुकं पडलं होतं का?"

एरवी बाईंनी उडवून लावलं असतं. आज कसा कोण जाणे, बांध फुटला. त्यांनी सगळं सांगितलं. डाग, डोळे, डॉक्टर, बाळ. मावशीने डबा बाजूला ठेवला.

"मला एक सांग. इतकी वर्षं खूण बांधून कापड माझ्याकडे सोडतेस. मी नीट रफू केलं का, हे बघायला कधी उठून आलीस?"

"छे! तुझ्या हातावर भरवसा आहे माझा."

"अगं, मला चष्म्याशिवाय सुईचं नाक दिसत नाही! माझ्या हातावर भरवसा, आणि प्रभूच्या हातावर नाही? दर रविवारी त्याच्याकडे क्षमा मागतेस आणि सोमवारी बघायला जातेस, दिली की नाही दिली."

बाईंना हसू फुटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "पण चूक झालीच ना गं माझी?"

"झाली असेल. मी कुठे नाही म्हणते? खूण बांध. तोंडाने सांग त्याला, की हे बघ, हे असं झालं. आणि सोड त्याच्याकडे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तू त्या वैऱ्याला रोज पाट मांडून बसवतेस!"

सांगायला काय जातं! पहिल्या दिवशी बाईंना सदतीस वेळा म्हणावं लागलं, "प्रभू, हे पुन्हा आलं. तुझ्याकडे सोडलं." एकदा बसमध्ये मोठ्यानेच म्हणून गेल्या, तेव्हा शेजारच्या माणसाने घाईघाईने आपली पिशवी मांडीवर घेतली. दुसऱ्या आठवड्यात आकडा विसरायला झाला. तिसऱ्या आठवड्यात काचेसमोर बसल्या बसल्या त्यांना वाटू लागलं, की आपणच त्या उजेडात तरंगतोय आणि कापड जागच्या जागी आहे. ते वाक्य अजून यायचं. यायचं, क्षणभर किनारीला रेंगाळायचं, आणि बाई पुढचं कापड बघू लागायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला. "सोमवारी बाळाला घेऊन ये."

"आई, नक्की?"

"नक्की काय असतं गं या जगात? घेऊन ये म्हणते ना!"

सोमवारी मुलगी शंभर सूचना देऊन कामावर गेली. दुपारी बाळ गादीवर झोपलं. बाई डोळ्यांत तेल घालून त्याच्या शेजारी आडव्या झाल्या. त्याचं इवलंसं पोट वर होई, खाली होई. पडद्यातून ऊन पाझरत होतं, बाहेर कुठेतरी कोणी सतरंजी झटकत होतं. वर, खाली. वर, खाली. खोली हळूहळू पांढरी होत गेली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आणि बाळ टक्क जागं! कधीपासून कोण जाणे, त्यांच्याकडेच बघत होतं. ते वाक्य आलंच. तुला दिसलं नाही.

"नाही दिसलं," बाई मोठ्याने म्हणाल्या. "झोपले होते मी. तू जागा होतास ना, प्रभू?"

आवाज ऐकून बाळ हसलं. एका बाजूलाच, ओठ जरा वर ओढून. तस्सं! स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा, बाथरूममध्ये बेसूर गाणारा, बायकोची चप्पल घालून खुशाल दूध आणायला जाणारा तो माणूस बाईंना एकदम समोर दिसला. त्याचे डोळे पिवळे नव्हते.

आपल्या चुकीसाठी बाई दोन वर्षं रडत आल्या होत्या. त्याच्यासाठी आज पहिल्यांदा रडल्या. कुशीवर पडल्या पडल्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून आडवं वाहत उशीवर पडत होतं, आणि बाळ ते मोठ्या नवलाने बघत होतं.