सकाळी पाटी, संध्याकाळी भाडेकरू

"ताई, सकाळी पाटी लावायची आणि संध्याकाळी भाडेकरू दारात हजर. असा तो भाग आहे," असं धाकटा म्हणाला आणि पडदेवाल्या काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

आता यात संशय घेण्यासारखं काय होतं? काही नाही. पण काकूंचा स्वभावच तसा. भाजी स्वस्त मिळाली तरी आतली पानं उलटून बघणार. डॉक्टर "सगळं ठीक आहे" म्हणाला तर "मग हसला कशाला?" असं घरी येईपर्यंत घोकत राहणार. यजमान होते तेव्हा म्हणायचे, "हिला स्वर्गात खोली मिळाली तरी आधी छत गळतं का ते बघेल." यजमान गेले, संशय राहिला. आणि खरं सांगायचं तर एकट्या बाईला त्याचा आधारच झाला.

काकू पडदे शिवत. सगळा जन्म त्यांनी खिडकीशी मशीन मांडून दुसऱ्यांच्या खिडक्या झाकण्यात घालवला. आता डोळे दगा द्यायला लागले होते. सुईत दोरा ओवता ओवता चहा गार व्हायचा. मशीनवर फार तर आणखी दोन वर्षं, असं डोळ्यांच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. मूलबाळ नाही, पेन्शन नाही. साठवलं होतं त्यात एक लहानसं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढा एकच बेत होता. घर चुकीच्या ठिकाणी घेतलं आणि रिकामं पडून राहिलं, की कारभार आटोपला.

धाकटा त्यांचा सख्खा भाऊ. घरांची दलाली करायचा. खिशात मावणार नाही एवढा किल्ल्यांचा जुडगा कमरेला, म्हणून सगळे त्याला किल्लीदादा म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा काकूंनीच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलेला. जगात काकू कोणाच्या शब्दावर विसंबत असतील तर त्याच्याच, आणि तेही रडतखडत.

"भाडेकरू काय बघतो?" बसमधून उतरल्या उतरल्या धाकट्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. "बसथांबा, शाळा, दवाखाना आणि दुकान. चारही पायी जाण्यासारखे असले की घर एक दिवस रिकामं राहत नाही. बाकी हवा, झाडं, डोंगर, हे सगळं विकत घेणाऱ्यासाठी. भाड्याने राहणारा झाडं बघत नाही."

आधी त्याने टेकडीखालची वसाहत दाखवली, ती नको म्हणून सांगायला. काकू मान वर करून चालत होत्या.

"ताई, पायाखाली बघ, पडशील."

काकू खिडक्या बघत होत्या. तिथले पडदे उन्हाने पार विटले होते. हिरवा की निळा तेही सांगता येऊ नये. पण एकेक पडदा आपापल्या खिडकीत मापात बसलेला. माणसं वर्षानुवर्षं राहिलीत, हे त्यांना रस्त्यावरूनच कळलं.

"इथे कोणी सोडून जात नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

"जात नाही, आणि गेलाच तर पुढे सहा महिने घराला कुत्रं विचारत नाही. बस कुठे, तू कुठे! तुला परवडेल ते?"

नव्हतं परवडणार. दोघं दवाखान्यामागच्या भागात आले. इथे खरंच सगळं हाताशी होतं. शाळेची घंटा ऐकू येत होती, औषधांचं दुकान होतं, बस दर थोड्या वेळाने येत होती. रस्त्यावर वर्दळ होती. धाकट्याची छाती जरा फुगली.

काकूंनी वर पाहिलं आणि त्यांचे पाय थांबले. एका खिडकीला पडदा आखूड, खालून वीतभर काच उघडी, मोठ्या भावाने धाकट्याची विजार घातल्यासारखा. शेजारी पडदा इतका लांब की कठड्यावर गोळा होऊन पडलेला. त्याच्या वरच्या मजल्यावर दोन पल्ले दोन वेगळ्या कापडांचे. अख्ख्या गल्लीत एकाच्या खिडकीला पडदा धड बसेल तर शपथ!

"काय रे, इथल्या लोकांना माप घेता येत नाही का?"

"लोक पडदे बघून घर घेत नाहीत, ताई."

"मी घेते."

कुठेतरी पाणी मुरत होतं खास. घर विकाऊ होतं तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना काकूंनी भिंतीला हात लावून ओल बघितली. ओल नव्हती. वर गेल्यावर नळ सोडून बघितला, दणकून पाणी आलं. शेजारच्या दाराला कान लावला, तर आत कोणी तरी शांतपणे रेडिओ ऐकत होतं. एवढं चांगलं घर, आणि एवढ्या पटकन भाडेकरू? मग त्यांना दुसरी शंका आली. धाकट्यानेच दोन-चार ओळखीची माणसं भाडेकरू म्हणून उभी केली नसतील ना? दलालाचं काय सांगावं, भाऊ असला म्हणून काय झालं!

घरात एक बाई पाठमोरी बसून खोकी बांधत होती. इथली भाडेकरीण. घर विकणार म्हणून तिला सोडायला सांगितलं होतं. तिचा नवरा दवाखान्यात एक्सरे काढायचा आणि मुलगी समोरच्याच शाळेत होती. धाकट्याला मालकाचा फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला. काकू सरळ खिडकीशी गेल्या आणि पडद्याची खालची दुमड हातात घेतली.

तो पडदा त्यांनीच शिवला होता. कोपऱ्यातला तिरका दुहेरी टाका दुसरं कोण घालणार? पण दुमडीच्या वर कापडावर जुन्या शिवणींच्या खुणा होत्या, एकीवर एक. एकदा कमी केलेला, मग सोडलेला, मग पुन्हा कमी केलेला. सगळ्या शिवणी काकूंच्याच.

"अय्या, काकू तुम्ही?" बाईने आत्ता ओळखलं. "मी नेहमी येते की तुमच्याकडे! आता पुन्हा येणारच होते. समोरच्या घराची खिडकी बुटकी आहे."

"समोर चाललीस?"

"हो. तुमच्या भावानेच बघून दिलं. देवमाणूस आहे बघा. प्रत्येक वेळी पुढचं घर तयार."

"प्रत्येक वेळी म्हणजे? कितवं घर हे?"

"चौथं. सगळी याच गल्लीत. शाळा इथे, यांचं काम इथे, लांब कुठे जाणार? पहिल्या घरी मालकीणबाईंची भाची राहायला येणार होती. दुसऱ्या मालकांचा पुतण्या यायचा होता. तिसऱ्यांचे मेहुणे." ती हसली. "आमच्या नशिबात सगळे नातेवाईकवाले मालक."

"आणि आले का ते नातेवाईक?"

बाईचा दोरीवरचा हात थांबला. "ते मी कशाला बघायला जाऊ? पहिल्या घरात आता मागच्या बिल्डिंगमधले मास्तर राहतात वाटतं."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारायचं होतं ते त्या बाईला नव्हतंच.

बसथांब्यावर बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांनी धाकट्याला धरलं. "खरं सांग. मालकांना तूच सांगतोस ना, भाडेकरू काढा म्हणून?"

आधी तो मी नाही त्यातला अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघत राहिला. पण लहानपणी साखरेचा डबा कोणी उघडला हे ज्या बाईने नुसत्या नजरेने वदवून घेतलं, तिच्यापुढे किल्लीदादाची काय डाळ शिजणार!

"अगं, धंदा आहे तो," तो म्हणाला. "मालकाला सांगायचं, भाडेकरू फार दिवस राहिला की मुरतो, मग हलता हलत नाही. नवा आणला की भाडं वाढवून मिळतं. मालक खूश."

"आणि हा नवा कुठून आणतोस?"

"समोरच्या बिल्डिंगमधून."

"आणि समोरच्यात कोण जातं?"

"ही." तो हसला. "संगीत खुर्ची गं! फक्त आपल्या खेळात खुर्ची कधी कमी पडत नाही. एक तरी माणूस रस्त्यावर आला का? सगळ्यांना त्याच आठवड्यात घर मिळतं. कोणाचं वाईट केलं मी?"

"आणि दर उठवण्याला तुझी दलाली."

"मग, हवा खाऊन जगू? आणि तुझ्याच फायद्याचं सांगतोय. तिथे तुझं घर एक दिवस रिकामं राहायचं नाही. मी राहूच देणार नाही."

"लाज वाटत नाही तुला? शेंबूड पुसून मोठा केला तो याच्यासाठी?" काकूंचा आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मग मात्र धाकटाही तापला. "मला एकट्याला कशाला बोलतेस? पडदे आखूड करायला, लांब करायला तुझ्याकडे माणसं कोण पाठवतं? मी पाठवतो. एवढ्या लोकांच्या खिडक्या एकाएकी बदलतात कशा, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही? साऱ्या जगावर संशय घेतेस, ताई. त्यांचेच पडदे तुझ्याकडे पुन्हा पुन्हा यायचे, ते बरे चालले तुला!"

गेल्या काही वर्षांत नवा पडदा असा हाताखालून फारसा गेलाच नव्हता, सगळी उसवायची आणि पुन्हा शिवायची कामं. लोक किती जपून वापरतात, असं त्या कौतुकाने म्हणायच्या. ज्या पैशाने घर घ्यायचं होतं, त्यातला बराचसा याच गल्लीतून आला होता. त्यांना रडू आलं आणि भर रस्त्यात आलं म्हणून स्वतःचाच राग आला. बस आली, तेव्हा त्या धाकट्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसल्या.

रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी एकट्याच निघाल्या. धाकट्याला कळवलं नाही. घर घ्यायचं तर होतंच. टेकडीखाली परवडत नव्हतं आणि डोळे थांबणार नव्हते. मग हेच घ्यायचं, पण त्या बाईला हलवायचं नाही. एक तरी खुर्ची खेळातून बाहेर काढायची. जिना चढताना त्यांना बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं, अगदी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत.

बाईची शेवटची खोकी उरली होती.

"अगं, ठेव ते सगळं," काकू दारातूनच म्हणाल्या. "सोड सामान. हे घर मी घेतेय. तू इथेच राहायचं. भाडं देतेस तेवढंच दे. मुलीचं शिक्षण संपेपर्यंत राहा, पुढेही राहा. मी उठवणार नाही."

काकूंना वाटलं होतं, ती हात तरी धरेल. बाई उभीच राहिली. तिने काकूंकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. ती नजर काकूंना नवी नव्हती. दुसऱ्यांकडे त्या जन्मभर तशाच बघत आल्या होत्या.

"का?" तिने विचारलं.

"का म्हणजे?"

"उगीच असं कोण म्हणतं, काकू? भाडं तेवढंच, हवं तेवढं राहा. यात काय आहे?"

"काही नाही गं. खरंच काही नाही."

"तुमच्या भावाने पाठवलं?"

"त्याला पत्ताही नाही."

"मग तर नकोच बाई. त्यांनी समोरचं घर ठरवलंय. ते चिडले तर पुढच्या वेळी आम्हाला कोण बघणार?"

"पुढची वेळच येणार नाही. हवं तर लिहून देते."

"पहिल्या मालकीणबाईंनीही लिहून दिलं होतं." ती हे अगदी मऊपणे बोलली, मोठ्या माणसाचं मन राखावं तशी. "काल तुम्ही मला काय काय विचारलंत, मग दोघं मिळून गेलात. मी खिडकीतून बघितलं, बाकड्यावर बसून बराच वेळ बोलत होतात. तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, काकू. पण तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण ना?"

काकूंना सांगायचं होतं की आपण भांडत होतो. की आपल्याला ठाऊक नव्हतं. पण हे सगळं दुसऱ्या कोणी येऊन त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्यातलं अक्षरही खरं मानलं नसतं. त्या तिथेच रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या. सकाळी पाटी लावली की संध्याकाळी भाडेकरू मिळणाऱ्या त्या भागात त्यांना हवा असलेला एक भाडेकरू काही मिळत नव्हता.

बाईने खोक्याभोवती दोरी फिरवली, दोन्ही टोकं ओढून धरली आणि एकटीला जमेना म्हणून वर पाहिलं.

"काकू, जरा इथे बोट धरता का? गाठ सुटतेय."

काकू खाली बसल्या आणि त्यांनी बोट धरलं.